पुराणिकांची चकती

यज्ञेश्वर पुराणिकांचे पूर्वज झाशीला आले ते हत्यारांना कुंकू लावायला. लढायचं काम दुसऱ्यांचं. पुराणिकांनी मंत्र म्हणायचे, तलवारीच्या पात्याला हळद-कुंकू वाहायचं आणि लढाईला तोंड लागायच्या आत घरी परतायचं. यातल्या शेवटच्या कलमात घराण्यानं कधी कुचराई केली नाही, म्हणून तर वंश टिकला. अडीचशे वर्षांनंतर यज्ञेश्वरजीही हत्यारांना कुंकू लावतात, फक्त त्याआधी ग्रीस लावतात.

बडा बाजाराच्या मागच्या बोळात त्यांची खोली आहे. खोलीत एक टेबल, टेबलाला जखडलेला, वस्तू आवळून धरणारा शिकंजा आणि भिंतीला टेकवलेल्या दहा-बारा छर्र्याच्या बंदुका. स्वस्तातल्या, आपल्या झाशीच्याच. नळी मधोमध मोडायची, की पोटातली स्प्रिंग दबून बसते. चाप ओढला की ती सुटते, पुढची हवा दाबते आणि ती हवा छर्र्याच्या पाठीत लाथ घालते. एवढंच तिचं शास्त्र. कुणी ती गच्चीवरच्या माकडांसाठी घेतं, कुणी जत्रेत फुगे फोडायला. गरौठ्याचा शेतकरी मटारावरचे पोपट उडवायला घेतो आणि छर्रा घालतच नाही, नुसताच बार काढतो. आणि प्रत्येक जण यज्ञेश्वरजींसमोर बंदूक ठेवून एकच मागणं मागतो, “पंडज्जी, ईमें तनक दम डार दो.”

पंडज्जी मान डोलावतात. गिऱ्हाईक गेलं की बंदूक उघडतात आणि स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकतात.

म्हणजे दम घालायच्या ऐवजी काढतात. पण त्यात बंदुकीचंच भलं असतं. या स्वस्त बंदुकांना कारखान्यानं मापाबाहेर ताठ स्प्रिंग दिलेली असते. अंग आंब्याच्या लाकडाचं, वरून शिसवी रंग, आणि पोटात बैलाचा जोर. बार निघाला की बंदूकच आधी उडी मारते, छर्रा नंतर विचार करतो कुठं जायचं ते. दोन वेढे कमी केले, टोकं घासून सपाट केली, वाळलेलं चामड्याचं वायसर तेलात मुरवून बसवलं, की ती शहाण्यासारखी वागायला लागते. आठवड्यानं गिऱ्हाईक पेढे घेऊन येतं. “पंडज्जी, आपने तो तोप बना दई.” यज्ञेश्वरजी पेढा खातात आणि म्हणतात, “जो करने था, कर दिया.” खोटं ते कधी बोलत नाहीत. पेढा तोंडात असला की बोलावंही फारसं लागत नाही.

एक गोष्ट मात्र ते आत तशीच ठेवतात. पत्र्याची चकती. आणि ती का ठेवतात हे आख्ख्या झाशीत त्यांची बायको सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

ते बिजौलीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं होते. कारखाना आता बंद पडला, त्याच्या जागी फरशीचं गोदाम आहे. तिथं याच बंदुका बनायच्या. एका वर्षी मालकानं लोखंड वाचवायचं ठरवलं आणि स्प्रिंगच्या पोटात जो दांडा असतो, तिला वाकडंतिकडं जाऊ न देणारा, तो बोटभर आखूड केला. दांडा आखूड झाला, मागं फट राहिली, स्प्रिंग फटीत लटपटायला लागली. मालक म्हणाला, पुराणिकजी, कुछ जुगाड करो. पुराणिकजींनी तेलाच्या डब्याचा पत्रा कातरून गोल चकती केली आणि फटीत सारली. फट बुजली. पण चकती सैल होती. बार काढला तर स्प्रिंगनं चकती झांजेसारखी वाजवली. ‘खण्ण!’ असा आवाज, की फाटकाबाहेरच्या चहावाल्याच्या हातून कप पडला.

यज्ञेश्वरजी शरमले. मालक नाचायचा बाकी राहिला. कारण बडा बाजारातल्या दुकानात बंदूक घेणारा माणूस नेम कुठं धरून बघणार? समोर साड्यांची दुकानं. तो आभाळाकडं तोंड करून एक रिकामा बार काढतो, कान देतो आणि कानानंच बंदूक विकत घेतो. त्या वर्षापासून प्रत्येक बंदुकीत चकती. नेम बिघडला तर बिघडला, माणूस आपल्या हाताला दोष देतो, खण्ण म्हणणाऱ्या बंदुकीला कुणी देत नाही.

नोकरी सुटल्यावर यज्ञेश्वरजींचं आयुष्य हे असं झालं: सव्वीस वर्षांत स्वतःच घातलेले दोष एकेक करून काढायचे. चकती मात्र काढता येईना. काढली तर आवाज जाणार, आवाज गेला तर गिऱ्हाईक म्हणणार, पंडज्जीने दम खा लिया. त्यांची बायको सरलाबाई, निवृत्त शाळामास्तरीण, कधीमधी म्हणायच्या, “अहो, एकदा सांगून मोकळे व्हा.” ते म्हणायचे, सांगू. असं सात वर्षं चाललं होतं.

आता यात जयसिंगराव खानविलकर येतात.

खानविलकर शिपाईगिरीचे. त्यांच्या घराण्याची तलवार जुन्या धामधुमीत गेली. ते म्हणतात विहिरीत टाकली, गल्ली म्हणते विकली. पण मान शिल्लक राहिला. झाशीतली मोजकी मराठी घरं खंडेनवमीला मंडळाच्या सभागृहात एकत्र शस्त्रपूजा करतात. शस्त्रं कसली, ज्याच्या घरी जे असेल ते. दाढेकरांचा शिलाईचा गज, इंदिराबाई मुळ्यांची विळी, कुणाचा स्टेथोस्कोप, यज्ञेश्वरजींचे पेचकस आणि पान्हे, आणि मधोमध खानविलकरांची छर्र्याची बंदूक. पूजा पुराणिकांनीच करायची. पूजेला लावलेली वस्तू दसरा उजाडेपर्यंत जागची हलवायची नाही. आणि दसऱ्याला सकाळी अंगणातल्या कडुनिंबाला कोहळा टांगायचा, त्याला कुंकवाचा टिळा लावायचा आणि खानविलकरांच्या वडीलधाऱ्यानं पहिल्या छर्र्यात तो टिळा भेदायचा. मग सीमोल्लंघन. पूर्वी तलवारीनं कोहळा कापत. तलवार विहिरीत, म्हणून हे.

जयसिंगराव एकाहत्तरचे. रेल्वेत टीसी होते. त्यांचा आवाज ऐकून तिकीट असलेली माणसंसुद्धा खिसे चाचपायची. बंदूक त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी घेतली होती, यज्ञेश्वरजींनीच निवडून दिलेली, चकतीच्या पहिल्या खेपेतली. पंधरा-सोळा वर्षं नेम बरा लागला. पण गेली तीन वर्षं कोहळा जसाच्या तसा घरी जात होता. पहिल्या वर्षी छर्रा मंडपाच्या झालरीत सापडला. दुसऱ्या वर्षी चिटणीस सुबोध चांदोरकरांच्या स्कूटरच्या सीटमध्ये. तिसऱ्या वर्षी सापडलाच नाही, आणि तेव्हापासून सुबोधजी दसऱ्याला हेल्मेट घालून येणार असं बोललं जात होतं.

दरवर्षी नेम चुकला की जयसिंगराव बंदूक घेऊन बोळात यायचे, टेबलासमोर स्टुलावर बसायचे आणि सांगायचे, दम कम है पंडितजी, इससे तगडी स्प्रिंग डालो. डोळ्यांदेखत काम. दोन वेढे कापायची सोयच नाही. तीन वर्षांत तीन स्प्रिंगा बदलल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा ताठ. यज्ञेश्वरजींना कळत होतं की आगीत तेल ओतणं चाललंय. पण खानविलकरांना नाही म्हणायची पुराणिकांना सवय नव्हती. इतक्या पिढ्यांत कुणी म्हटलंच नव्हतं.

यंदा भाद्रपदात मंडळाची बैठक झाली. सुबोधजींनी ठराव मांडला: यंदा शेवटचा छर्रा. चुकला तर पुढच्या वर्षापासून कोहळा इंदिराबाईंनी विळीवर चिरायचा. बायकांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. जयसिंगराव उठले. ते म्हणाले, मंजूर. पण चुकला तर दोष माझ्या हाताचा नाही, ज्याच्या हातून बंदूक निघाली त्याचा, आणि हे मी माइकवर सांगेन, नावासकट. मग ते यज्ञेश्वरजींकडं बघून गोड हसले. टीसी दंडाची पावती फाडण्याआधी हसतो तसं.

यज्ञेश्वरजी घरापर्यंत तेच घोळवत आले. माइकवर नाव म्हणजे बडा बाजारात नाव. एकदा ‘पुराणिकांची बंदूक चुकते’ असं झालं, की भिंतीच्या बंदुका एकेक करून उठून जाणार. म्हातारपणी एवढंच तर होतं हातात. हात चालू राहणं आणि बोळातून जाणाऱ्यानं ‘राम राम पंडज्जी’ म्हणणं.

पण देव पुराणिकांच्या बाजूनं होता. नवरात्राच्या तोंडावर जयसिंगरावांचा गुडघा धरला आणि बंदूक त्यांची नात स्वराली घेऊन आली. ती फिजिओथेरपीचं शिकत होती. मराठी सगळं समजायची, बोलायला लागली की अर्ध्यात हिंदीत उतरायची.

“पुराणिक आजोबा, एक बात सांगू? किसी को बोलू नका,” ती स्टुलावर बसत म्हणाली. “आजोबा ना, गोळी चालवतानी डोळे बंद करतात. दोन्ही. मी मोबाइल में रिकॉर्ड केलंय.”

तिनं दाखवलं. मागच्या दसऱ्याचा जयसिंगरावांचा चेहरा. चाप ओढायला लागले, चाप येईना, ओठ आवळले, मान आखडली, आता ते खण्ण होणार, आता होणार, आणि लिंबू चोखल्यासारखे दोन्ही डोळे गच्च मिटले. मग बार.

यज्ञेश्वरजींनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. सगळा हिशेब लागला. या बंदुकांत चाप थेट स्प्रिंगलाच अडवून धरतो. स्प्रिंग जितकी ताठ तितका चाप जड. चाप जड, म्हणून ओढायला वेळ; वेळ, म्हणून आवाजाची धास्ती; धास्ती, म्हणून डोळे बंद. दम वाढवून वाढवून त्यांनी रावसाहेबांना आंधळं केलं होतं.

त्यांनी ताठ स्प्रिंग काढून टाकली, जुनी घातली, तिचेही दोन वेढे कापले. चापाची खाच आरशासारखी घासली, इतकी की बोट नुसतं टेकलं तरी सुटावी. मग गच्चीवर पाच छर्रे झाडून पाहिले. पाची एका थाळीएवढ्या जागेत विखुरले. चकती काढली, आखूड दांड्याच्या जागी घट्ट बसणारा नायलॉनचा दांडा कातून घातला, पुन्हा पाच झाडले. पाची एका वाटीत. आणि आवाज? सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. फुस्स.

इथं गाडं अडलं. जयसिंगराव नवमीच्या सकाळी, पूजेला लावायच्या आधी, बंदूक कानाशी घेऊन एक रिकामा बार काढणार. दरवर्षी काढतात. फुस्स ऐकलं तर माइकची वाट न बघता तिथंच नाव घेतील. म्हणून यज्ञेश्वरजींनी नायलॉनचा दांडा खिशात टाकला आणि आखूड दांडा, चकती, सगळं पूर्ववत बसवलं.

नवमीला तसंच झालं. जयसिंगरावांनी आभाळाकडं बार काढला. खण्ण. कावळे उडाले. “अब आई ना जान,” ते म्हणाले. चाप हलका कसा लागतोय, एवढं त्यांनी विचारलं. यज्ञेश्वरजी म्हणाले, नया तेल है. बंदूक पाटावर गेली, हळद-कुंकू झालं, झेंडूची माळ पडली, आरती झाली आणि सगळे श्रीखंडाच्या ओढीनं आपापल्या घरी गेले. सभागृहात उरले पुजारी आणि पुजारीणबाई.

“आता काय?” सरलाबाईंनी विचारलं.

आता खरा पेच होता. बंदूक पूजेत. पूजेतली वस्तू हलवायची नाही. आणि ज्यानं बंदूक उघडायची ते पेचकस, तेही पूजेत. पुराणिकांच्या घराण्यात आजवर कुणी लागलेली पूजा मोडली नव्हती. यज्ञेश्वरजी हात जोडून बसले. पूजेच्या शेवटी जी क्षमा मागायची असते, चुकलं-माकलं पदरात घे म्हणून, ती त्यांनी आधीच मागून घेतली. मग म्हणाले, “अगं, तुझ्या पिशवीत काय आहे?”

पिशवीत नैवेद्याचं ताट, वाट्या आणि उलथनं होतं. उलथन्याच्या कडेनं स्क्रू निघाले. शिकंजा नव्हता, स्प्रिंग दाबून धरायला माणूस हवं होतं. सरलाबाई पाटाशी बसल्या, बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर सगळं वजन टाकून, पैठणी गुडघ्यापर्यंत सावरून.

“चाळीस वर्षांपूर्वी बोलला असता की लग्नानंतर हे करावं लागेल,” त्या म्हणाल्या, “तर मी गरौठ्याच्या मास्तरचं स्थळ घेतलं असतं.”

“दाब गं. बोलू नकोस, वजन कमी होतं.”

चकती निघाली, नायलॉनचा दांडा बसला, स्क्रू आवळले, माळ पुन्हा घातली. फक्त कुंकू थोडं पुसलं गेलं होतं, ते सरलाबाईंनी बोटानं ठीक केलं. चकती यज्ञेश्वरजींनी सदऱ्याच्या खिशात टाकली. खिशाला तिचं वजन कसलंच नव्हतं, पण त्यांना ते कळत होतं.

दसऱ्याची सकाळ. कडुनिंबाला कोहळा, कोहळ्यावर रुपयाएवढा टिळा. सुबोधजी खरंच हेल्मेट घालून आले होते आणि स्कूटर दोन गल्ल्या पलीकडं लावून. इंदिराबाई विळी घेऊन पहिल्याच रांगेत. गुडघ्याला पट्टा बांधलेले जयसिंगराव पुढं झाले, बंदूक कपाळाला लावली, नळी मोडून छर्रा घातला, खांद्याला लावली. दरवर्षीसारखी आधी गर्जना, मग बार. त्यांनी छाती भरून घेतली. “हर हर महा—”

फुस्स.

बोट नुसतं टेकलं आणि चाप सुटला होता. डोळे मिटायला वेळच मिळाला नाही. गर्जना अर्ध्यात, तोंड उघडं. कोहळा हलकासा झुलला, वाऱ्यानं झुलावा तसा. क्षणभर कुणाला काही समजेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, पंक्चर हो गई, आणि अंगण हसत सुटलं. इंदिराबाईंनी विळी मांडीवर घेतली.

जयसिंगराव वळले. चेहरा लालबुंद. ते माइकवाल्याकडं न जाता थेट यज्ञेश्वरजींपाशी आले.

“पंडितजी, आवाज कुठाय?”

एकोणीस वर्षं खिशात येऊन बसली. यज्ञेश्वरजींचा हात आपसूक सदऱ्यात गेला. आता काढावी चकती आणि सांगून टाकावं, नाव गेलं तर गेलं. “रावसाहेब,” ते म्हणाले, “एक सांगायचं राहिलंय—”

“आजोबा, टिळा बघा,” स्वराली कोहळ्याजवळून ओरडली. “अरे बघा ना, बीचोबीच!”

सगळे धावले. कुंकवाच्या बरोबर मध्यावर एक नीट भोक होतं, पेन्सिलनं पाडावं तसं. त्यातून पाण्याचा बारीक थेंब कुंकू घेऊन खाली ओघळत होता. सुबोधजींनी हेल्मेटची काच वर करून पाहिलं. इंदिराबाईंनी बोट घालून खात्री केली आणि विळी मिटली.

जयसिंगरावांनी त्या भोकावरून बोट फिरवलं. मग त्यांनी यज्ञेश्वरजींच्या खिशातल्या हाताकडं पाहिलं. टीसीची नजर ती. कुणाच्या खिशात काय लपलंय हे तिला चाळीस वर्षं कळत आलेलं. त्यांनी माइक मागवला.

“आवाज मीच काढायला सांगितला होता,” ते म्हणाले. “आवाज नवशिक्यांसाठी असतो. खानविलकरांना आवाजाची गरज नाही.”

टाळ्या पडल्या. यज्ञेश्वरजींनीही वाजवल्या, एका हातानं, कारण दुसरा खिशातच होता.

सोनं वाटून झालं, लोक पांगले. जयसिंगराव कडुनिंबाच्या पारावर बसले आणि तळहात पुढं केला. यज्ञेश्वरजींनी चकती त्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं: आखूड दांडा, तेलाचा डबा, कप पडलेला चहावाला, कानानं बंदूक घेणारी झाशी. सांगायला दहा मिनिटं लागली. एकोणीस वर्षांच्या मानानं काहीच नाही.

“म्हणजे मी डोळे मिटायचो, ते हिच्यामुळं?” जयसिंगरावांनी हळूच विचारलं. स्वरालीचा व्हिडिओ त्यांना माहीत होता तर.

“हिच्यामुळं आणि माझ्यामुळं, रावसाहेब.”

“माझ्यामुळं नाही ना?”

यज्ञेश्वरजींनी विचार केला. खोटं ते बोलत नसत. आणि पेढा तोंडात नव्हता. त्यांनी हातातलं आपट्याचं पान पुढं केलं. “सोनं घ्या,” ते म्हणाले.

जयसिंगराव खो खो हसले आणि चकती परत दिली.

पण माइकवर बोललेलं परत घेता येत नाही. आठ दिवसांत बडा बाजारभर झालं, की खानविलकरांनी पंडज्जीकडून बिनआवाजाची बंदूक करवून घेतली, खानदानी नेमबाजांची असते तशी. बोळात रांग लागली. जो तो म्हणायचा, “पंडज्जी, आवाज़ निकार दो.” ज्या लोकांनी कानानं बंदुका घेतल्या होत्या तेच आता कान टवकारून फुस्स ऐकायचे आणि खूश होऊन जायचे. दम तर आधीच काढलेला होता. आता चकत्याही निघाल्या. एकटा गरौठ्याचा शेतकरी भडकून परत आला, पोपट ऐकत नाहीत म्हणाला. त्याची चकती यज्ञेश्वरजींनी आदरानं परत बसवून दिली. इतक्या वर्षांत तिचा खरा उपयोग त्यालाच कळला होता.

बाकीच्या चकत्यांचा ढीग सरलाबाईंनी एका दोरीत ओवला आणि गच्चीवर पापडांच्या वर बांधला. वारा आला की खण्ण खण्ण वाजतात. माकडं लांबूनच बघतात आणि शेजारच्या गच्चीवर जातात. तिथं सुबोधजींचे पापड असतात.